औरेलिया बी२४: स्पायडर की कन्व्हर्टिबल? आणि इटलीच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे कसं?

चिंचवडची_लेक:

नमस्कार. मी मूळची चिंचवडची. गेली तीन वर्षं तुरीनला गिअरबॉक्स डिझाइनचं काम करते. दिवसभर डोक्यात गिअरचे दात आणि टॉलरन्स असतात, पण जुन्या गाड्यांचं फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारतेय.

गेल्या रविवारी पो नदीकाठी, व्हॅलेन्तिनो बागेजवळ जुन्या गाड्या जमल्या होत्या. त्यात शेजारी शेजारी दोन उघड्या गाड्या उभ्या होत्या, दोन्ही लान्चा कंपनीच्या औरेलिया बी२४. लांबून सख्ख्या बहिणी वाटल्या. जवळ गेल्यावर फरक दिसायला लागले. पहिलीची पुढची काच दोन्ही बाजूंना वळून थेट दारापर्यंत आलेली. दाराला बाहेरून मूठच नाही, खिडकीला काच नाही, आणि पुढचा बंपर मधोमध तोडलेला, म्हणजे दोन कडांना दोन तुकडे. मालकांनी दारावरून आत हात घातला, आतली कळ ओढली आणि दार उघडलं. दुसरीला मात्र व्यवस्थित मूठ, वरखाली होणाऱ्या काचा, सलग बंपर.

आणि पहिलीचं स्टिअरिंग उजवीकडे, आपल्यासारखं! मला वाटलं इंग्लंडहून आणली असणार. तसं विचारल्यावर मालकांचा चेहराच उतरला. सत्तरी उलटलेले गृहस्थ, बोलण्यात निम्मी पिएमोंतेझे, म्हणजे इथली बोली, मला अर्धं कळत नव्हतं. त्यांनी सीटवर थाप मारली आणि सांगितलं की ही इथलीच, तुरीनची, आणि जन्मापासून उजव्या हाताची.

मग मी गुडघे टेकून खाली पाहिलं. इंजिनाच्या मागे जिथे गिअरबॉक्स असायला हवा तिथे काहीच नाही. एक शाफ्ट सरळ मागे निघून गेलेला. माझं पोट ज्या वस्तूवर चालतं तीच जागेवर नाही म्हटल्यावर मला तिथून उठवेना, पण पुढे जायला लोक खोळंबले होते.

तर स्टिअरिंग उजवीकडे का, गिअरबॉक्स गेला कुठे, आणि या दोघींच्या किमतीत म्हणे घराएवढा फरक आहे, तो कशासाठी? इथे कुणी या गाडीला प्रत्यक्ष हात लावलाय का? आमच्या आजोबांची डुक्कर फियाट होती, तिचं बॉनेट उघडलं की मी स्टुलावर उभी राहून बघायचे. इटलीच्या गाड्यांशी माझी ओळख तिथपासूनची. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर दिलंत तरी चालेल.

पार्लेकर_स्पायडर:

ताई, तुम्ही काय पाहिलंत याची तुम्हाला कल्पना आहे का? मी वीस वर्षं या गाडीचे फोटो जमवतोय, अजून एकही डोळ्यांनी पाहिलेली नाही.

गोल काचेची ती स्पायडर. १९५५च्या जानेवारीत ब्रसेल्सच्या प्रदर्शनात मांडली, आणि एकूण २४० बनल्या. त्यातल्या १८१ डाव्या स्टिअरिंगच्या, फक्त ५९ उजव्या. म्हणजे तुम्ही त्या ५९ मधली एक पाहिलीत! चांगल्या स्पायडरचे लिलाव दहा लाख डॉलरच्या वर गेलेत.

दुसरी ती कन्व्हर्टिबल, १९५६ ते १९५८ या काळातली, ५२१ बनल्या. माझं मत विचाराल तर कन्व्हर्टिबल म्हणजे पाणी घातलेलं दूध. मूठ लावली, काचा लावल्या, बंपर सरळ केला आणि मूळ रेषेची धार गेली. किमतीतला फरक त्याचाच आहे. गिअरबॉक्सचं मात्र जाणकारांनी सांगावं.

उद्यमनगर_फिटर:

चिंचवडच्या ताई, हात लावलाय. एकदा नाही, बऱ्याचदा.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम शिकलो, १९९६ साली इटलीला गेलो आणि तुरीनच्या दक्षिणेला मोन्कालिएरीजवळ एका छोट्या शेडमध्ये अठरा वर्षं जुन्या गाड्यांवर काम केलं. शेडमध्ये आम्ही चौघं होतो. आमचे म्हातारे मालक पत्र्याचे कारागीर होते, मी इंजिन आणि खालचं सगळं बघायचो. आता कोल्हापुरात परत आलोय. औरेलिया आमच्याकडे पुष्कळ यायच्या. जास्त करून सलून आणि बी२० कूपे. बी२४ मोजून पाच आल्या, त्यातल्या दोन स्पायडर.

आधी उजव्या स्टिअरिंगचं सांगतो. इटलीत वाहतूक उजव्या बाजूने, तरीही लान्चाने पन्नाशीच्या दशकापर्यंत स्टिअरिंग उजवीकडेच ठेवलं होतं. कारण डोंगर. आल्प्सच्या घाटात उजव्या बाजूने गाडी चालवताना दरी उजवीकडे आली की चालकाला रस्त्याची कड स्वतःच्या कोपराखाली दिसते. तिथले संरक्षक कठडे म्हणजे मधूनमधून रोवलेले दगड, रस्ता कच्चा, बर्फ पडलेला. तिथे कड दिसणं म्हणजे जीव वाचणं. पुढे मोठे सरळ रस्ते झाले, ओव्हरटेक करायची वेळ आली, तेव्हा हेच स्टिअरिंग अडचणीचं ठरलं, कारण पुढच्या ट्रकच्या पलीकडचं दिसायला शेजारच्याला विचारावं लागतं. म्हणून औरेलियाच्या काळात डावं स्टिअरिंग देऊ लागले. पण नावं बघा. उजव्या हाताची ती नुसती बी२४. डाव्या हाताचीला पुढे एस जोडला, सिनिस्त्राचा, म्हणजे डाव्याचा. घरचं नाव उजव्या हाताच्या गाडीलाच राहिलं. तुमच्या त्या गृहस्थांना इंग्लंडचं नाव ऐकून का लागलं असेल ते आता कळेल.

आता तुमचा गिअरबॉक्स. तो हरवलेला नाही, सीटच्याही मागे जाऊन बसलाय. क्लच, गिअरबॉक्स आणि मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शिअल, तिन्ही एकाच ॲल्युमिनियमच्या घरात, मागच्या चाकांच्या मधोमध. शिवाय मागचे ब्रेक ड्रमसुद्धा चाकात नाहीत, त्याच घराला दोन्ही बाजूंनी चिकटलेले. त्यामुळे पुढे इंजिनाचं वजन आणि मागे या सगळ्याचं, गाडी तराजूसारखी तोलली जाते. चाकात ब्रेक नाही म्हणजे चाक हलकं, खड्ड्यात ते लगेच खाली जातं आणि लगेच वर येतं. १९५० साली तुरीनच्या प्रदर्शनात औरेलिया आली तेव्हा रोज वापरायच्या गाडीत असलं काही कुणी देत नव्हतं. अल्फा रोमिओने अल्फेट्टात गिअरबॉक्स मागे नेला तो १९७२ साली.

फिटरच्या बाजूने बोलायचं तर हे सगळं सुंदर आहे आणि त्रासाचंही आहे. मागचे ब्रेक लायनर बदलायचे म्हणजे गाडीखाली मधोमध पाठीवर पडायचं, आणि हात घालायला जागा किती, तर मनगट जेमतेम फिरेल एवढी. डिफरन्शिअलचं ऑइल सील गळलं तर तेल थेट ड्रमवर. पहिल्या वर्षी मी सील बदलून गाडी बाहेर काढली आणि आठवड्यात ती परत आली, ब्रेक पुन्हा तेलकट. मालक ओरडले नाहीत. त्यांनी शाफ्टचा तो भाग माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून नखाने बघायला सांगितलं. सील जिथे बसतं तिथे केसाएवढी खाच पडलेली होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती, नखाला लागली. तिथपासून नवं सील घालायच्या आधी मी नख फिरवतोच.

आणि इंजिन! याच्याबद्दल कुणी विचारलं नाही, पण गाडीचा जीव तिथे आहे. सहा सिलिंडर व्हीच्या आकारात, मोठ्या संख्येने बनलेलं जगातलं हे पहिलं व्ही-६. फ्रांचेस्को दे व्हिर्जिलिओ या अभियंत्याने वर्षानुवर्षं गणित करून ठरवलं की दोन ओळींमध्ये कोन ६० अंशांचा हवा आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉडला क्रँकवर स्वतःची वेगळी पिन हवी. म्हणजे स्फोट सारख्या अंतराने होतात आणि इंजिन थरथरत नाही. वर देखरेख ज्येष्ठ अभियंते व्हित्तोरियो यानो यांची. सरळ रेषेतल्या सहा सिलिंडरचा क्रँक लांब असतो, त्याला पीळ बसतो. याचा क्रँक आखूड, जाड, मनगटासारखा घट्ट. सुरुवातीला हे इंजिन १७५४ सीसीचं होतं, वाढत वाढत बी२४ मध्ये २४५१ सीसी झालं. स्पायडरमध्ये ११८ अश्वशक्ती. आजच्या मानाने हा आकडा मोठा नाही. पण मध्यम वेगात तिसऱ्या गिअरला पाय दाबा, ओढ अशी येते की कुणीतरी पाठीवर हात ठेवून पुढे नेतंय.

ही गाडी मुळात बसायला सुखाची आणि पळायला पक्की. १९५१च्या मिल्ले मिल्या शर्यतीत दोन लिटरची बी२० कूपे फेरारीच्या पाठोपाठ दुसरी आली. १९५२च्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीत पहिले तिन्ही नंबर औरेलियाचे. १९५४ची मॉन्टे कार्लो रॅली लुई शिरोंनी औरेलियावर जिंकली. त्याच घराण्याची चाकं, तेच इंजिन, तोच मागचा गिअरबॉक्स, फक्त व्हीलबेस वीत-सव्वा वीत कापला आणि वर बॉडी बनवणाऱ्या पिनिन फारिनांनी उघडं अंग घातलं, ती बी२४.

पार्लेकर दादा, आता तुमच्या दुधापाण्याकडे येतो. तुमचा राग नाही, पण हे वाक्य मी माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि त्याचा परिणाम पत्र्यावर झालेला बघितलाय, म्हणून लिहितो.

२००९च्या आसपासची गोष्ट. एक गिऱ्हाईक कन्व्हर्टिबल घेऊन आलं. गाडी सुरेख होती, आतला कातडा मूळचा, दारं एका बोटाने लागत होती. त्याला तिची स्पायडर करून हवी होती. पुढच्या काचेची चौकट कापायची, गोल काच बनवून घ्यायची, काचा काढायच्या, मुठी काढून भोकं बुजवायची. पैसा हवा तेवढा द्यायला तयार. आमच्या मालकांनी त्याला दाराशी नेलं, त्याचा तळवा धरला आणि दाराच्या वरच्या कडेवरून मागच्या चाकापर्यंत फिरवला. म्हणाले, ही रेष ज्याने ठोकली त्याने दाराला काच आहे हे धरून ठोकली आहे, काच काढली की हीच रेष खोटी होईल. काम नाकारलं. त्या महिन्यात आमच्याकडे दुसरं काही मोठं काम नव्हतं, तरी नाकारलं.

दोन वर्षांनी तीच गाडी दुसऱ्या मालकासोबत आली. मधल्या काळात कुठल्यातरी दुकानात ते सगळं झालं होतं. गोल काचेला खालच्या कोपऱ्यातून तडा. डावं दार लावताना उचलून धरावं लागत होतं, कारण चौकट कापल्यावर पुढचा खांब चार मिलिमीटर आत झुकला होता. मी दारावर लोहचुंबक फिरवला. सगळीकडे चिकटत गेला, आणि एका जागी सटकला. पुट्टी. खरवडल्यावर मुठीची भोकं सापडली, आतून पत्र्याचे तुकडे मारून बुजवलेली, कडा गंजायला लागलेल्या. मी तिथे बोट घातलं तेव्हा पोटात कालवलं. जिवंत वस्तूच्या बाबतीत होतं तसं.

ती गाडी पुन्हा कन्व्हर्टिबल करायला चौदा महिने लागले. खांब जागेवर आणण्यासाठी मालकांनी एका खराब पण न कापलेल्या कन्व्हर्टिबलवरून पुठ्ठ्याचे साचे कापले. मुठीची जोडी मिळायला सात महिने. शेवटच्या दिवशी मालकांनी दार लावलं, एका बोटाने. आवाज आला, कपाटाचं जड लाकडी दार लागावं तसा. त्यांनी तीनदा उघडून लावलं. मग जेवायला गेले.

स्पायडर देखणी आहे, वाद नाही. ती अमेरिकेच्या उन्हावर डोळा ठेवून केली होती. पावसात वर कापडी टप, बाजूला खोचायचे प्लास्टिकचे पडदे, त्यातून वारा येतो, पाणी येतं आणि हात बाहेर काढून टोल देता येत नाही. कन्व्हर्टिबल ही त्या गाडीवर लोकांनी एक वर्ष बसून बघितल्यानंतरची गाडी आहे. काच वर करता येते, दाराला कुलूप घालता येतं, बायकोला घेऊन सासुरवाडीला जाता येतं. इंजिन थोडं सौम्य केलं, तेही गावातून चालवायला बरं. सुधारणा करताना एवढा जीव लावलेली गाडी आहे ती, तिला पाणी घातलेली कसं म्हणू?

आणि काळ बघा. विन्चेन्झो लान्चा १९३७ साली गेले, मुलगा जान्नी लान्चाने युद्धानंतर कंपनी उभी केली. त्याला शर्यतींचं वेड. ताई, तुम्ही ज्या व्हॅलेन्तिनो बागेजवळ उभ्या होतात, त्याच बागेच्या रस्त्यांवर २७ मार्च १९५५ला अल्बेर्तो अस्कारी लान्चाची शर्यतीची गाडी डी५० घेऊन शर्यत जिंकला. दोन महिन्यांत, २६ मेला, तो मोन्झाला फेरारी चालवताना गेला. कंपनी कर्जात होती. जुलैत शर्यतीच्या सगळ्या गाड्या फेरारीच्या हवाली केल्या, आणि मग लान्चा कुटुंबाच्या हातून कंपनीच गेली. स्पायडर नेमकी त्या वर्षातली. बोर्गो सान पाओलोच्या कारखान्यात ती बनत होती तेव्हा घरातलं छप्पर उडत होतं. कन्व्हर्टिबल त्यानंतरची. मला ती म्हणूनच जास्त जवळची वाटते.

घाटावरचा_ट्रक:

फिटर दादांनी दरीच्या कडेचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. माझे वडील महाड-भोर मार्गावर वरंधा घाटातून ट्रक चालवायचे. आपल्याकडे गाडी डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे दरी डावीकडे आली की चालकाला कड दिसतच नाही. म्हणून किन्नर लागतो. मी दहावीच्या सुट्टीत किन्नर म्हणून जायचो. समोरून एसटी आली की डाव्या दारातून अर्धा बाहेर लटकायचं आणि दारावर थाप मारत राहायचं, 'येऊ दे, येऊ दे, बास'. वडील माझ्या थापेवर चाक ठेवायचे. पावसाळ्यात कडेची माती मऊ झालेली असली की ते आधी मला खाली उतरून पायाने दाबून बघायला लावायचे.

म्हणजे त्या इटलीवाल्यांनी किन्नरचं काम चालकालाच दिलं. फार पटलं. ताई, एक विचारायचं आहे. तुरीनजवळच्या घाटांत अजून तसे दगड रोवलेले दिसतात का?

पार्लेकर_स्पायडर:

फिटर काका, दुधापाण्याचं वाक्य मागे घेतो. लोहचुंबक सटकला ते वाचताना अंगावर काटा आला.

आज रात्री 'इल सोर्पासो' पुन्हा बघितला, दिनो रिसींचा १९६२चा. नावाचा अर्थच ओव्हरटेक. ऑगस्टच्या भर सुट्टीत ओस पडलेल्या रोममध्ये व्हित्तोरिओ गासमान जी गाडी घेऊन फिरतो ती औरेलिया. इतकी वर्षं मी तिला स्पायडर समजत होतो. आज थांबवून थांबवून बघितलं. दाराला मूठ आहे, बाजूला काच आहे. कन्व्हर्टिबल! माझ्या मनात भरलेली गाडी पहिल्यापासून तीच होती.

उद्यमनगर_फिटर:

दादा, तुम्ही मोठ्या मनाने लिहिलंत. त्या सिनेमातला समुद्राकाठचा रस्ता म्हणजे खरोखरचा व्हिया औरेलिया, रोमहून उत्तरेला किनाऱ्याने जाणारा जुना रोमन रस्ता. गाडीचं नाव त्याच्यावरून. पुढे लान्चाने आप्पिया आणि फ्लामिनिया ही नावंही रोमन रस्त्यांवरूनच ठेवली. लिव्होर्नोच्या दक्षिणेला कालाफुरियाजवळची वळणं आहेत, तिथे शेवटचा भाग चित्रित झालाय. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी शेवट लिहीत नाही.

ताई, तुम्हाला गिअरबॉक्सवाल्या म्हणून एक गोष्ट सांगायची राहिली. क्लच मागे आहे, हे लक्षात घ्या. मागची चाकं ओढणाऱ्या नेहमीच्या गाडीत गाडी उभी असताना न्यूट्रलला मागे जाणारा शाफ्ट थांबलेला असतो. इथे शाफ्ट इंजिनालाच बांधलेला. गाडी जागेवर उभी असली, क्लच दाबलेला असला, तरी इंजिन जितकं फिरतं तितका तो फिरतो, कायम. त्यामुळे त्याचा तोल म्हणजे सोनाराचं काम. आम्ही शाफ्ट उतरवताना प्रत्येक सांध्यावर खडूने दोन रेघा मारायचो, परत बसवताना रेघेला रेघ जुळलीच पाहिजे. एकदा माझ्याकडून एक सांधा उलटा बसला. गाडी सुरू केली, इंजिन गोड चालत होतं, पण ठरावीक वेगाला मागचा आरसा धूसर व्हायचा. कारण शोधायला दोन दिवस गेले.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ भेटले तर गाडी चालू असताना दोन सीटच्या मधल्या उंचवट्यावर तळवा ठेवायची परवानगी मागा. आणि पहिल्या गिअरचं बघा, त्याला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी सोय, नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो पडत नाही, आणि जबरदस्ती केली तर आवाज साऱ्या बागेला ऐकू जातो.

पुढची चाकं पण बघून घ्या. उभ्या नळीत स्प्रिंग, आत तेल, आणि चाकाचा सांधा त्या नळीवर वरखाली सरकतो. १९२२च्या लाम्ब्दापासूनची लान्चाची पद्धत. चाक वाकडं होतच नाही, सरळ वर, सरळ खाली.

चिंचवडची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. फिटर दादा, तुमचं उत्तर छापून ऑफिसला नेलं आणि शेजारच्या टेबलावरच्या इटालियन मुलाला वाचून, भाषांतर करून दाखवलं. मुठीची भोकं आली तिथे तो 'नो, नो' करत कपाळाला हात लावून बसला.

घाटावरचे दादा, दगड आहेत अजून. सूझाच्या खोऱ्यात जुन्या रस्त्याच्या एका वळणावर ओळीने सहा मोजले, गुडघ्याएवढे, वर चुना फासलेला.

काल पुन्हा गेले होते. ते गृहस्थ आले होते, त्यांची उजव्या हाताची स्पायडर घेऊन. या वेळी मी इंग्लंडचं नाव काढलं नाही. सिनिस्त्राचा एस आणि तो नसलेली बी२४, एवढंच मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये बोलले आणि उजव्या हाताने दरी दाखवली. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग दारावरून आत हात घातला, कळ ओढली आणि मला बसायला सांगितलं. डावीकडे, शेजारच्या सीटवर.

इंजिन सुरू झालं. मी विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि मी मधल्या उंचवट्यावर तळवा ठेवला. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, त्यांचा पाय क्लचवर पूर्ण दाबलेला. हाताखाली बारीक, एकसारखी गुणगुण येत होती, मांजराच्या पाठीला हात लावल्यासारखी. त्यांनी ॲक्सिलरेटर थोडा दाबला तशी ती गुणगुण वर चढली, सोडला तशी उतरली. क्लच दाबलेलाच होता. मी रोज कागदावर शाफ्ट काढते, त्यांचे वेग लिहिते, पण फिरणाऱ्या शाफ्टला असा हात लावून बसले नव्हते.

दूर झाडाखाली ती कन्व्हर्टिबल उभी होती. तिचे मालक काचा वर करून आत झोपले होते, छातीवर वर्तमानपत्र. त्यांची झोप होईपर्यंत मी थांबले. मग विचारून तिचं दार लावून बघितलं, एका बोटाने. लागलं.

दादा, आवाज तुम्ही लिहिलाय तसाच.